‘रोज फक्त दोन तास’ म्हणे!

दुपारी मावसभावाने व्हॉट्सअ‍ॅपवर ब्रोशर पाठवलं. कुठल्याशा चहाच्या फ्रँचायझीचं. खाली त्याचा मेसेज, "ताई, होटगी रोडला गाळा बघितलाय. रोज दोन तास दिले की बास, बाकी सगळं कंपनी बघते. रिटायर झालोय, वेळ कसा जाणार?"

वेळ कसा जाणार! तेव्हापासून डोकं फिरलंय. गल्ल्यावर बसूनच लिहितेय, मधेमधे गिऱ्हाईक करत. विस्कळीत वाटलं तर चालवून घ्या.

आमचं केकचं दुकान बहुतेकांना माहीत आहे, तेही फ्रँचायझीचंच. ब्रँडचं नाव घेत नाही. तर आमच्या सोलापुरात संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची गड्डा यात्रा असते. त्यातली अक्षता, म्हणजे देवाच्या लग्नाचा सोहळा, ह्यांनी, माझ्या नवऱ्याने, कधी चुकवली नव्हती. शाळेत असल्यापासून पांढरी बाराबंदी घालून मिरवणुकीत नंदीध्वजांच्या मानाच्या काठ्यांबरोबर चालणारा माणूस. दुकान घेतल्यावरची पहिली गड्डा यात्रा आली. हे सकाळी तयार होऊन बसले, आणि कामावरच्या दोन्ही पोरांनी दांडी मारली. साहजिक आहे, तीही सोलापूरचीच पोरं. ह्यांनी कंपनीला फोन लावला, दुपारपर्यंत बंद ठेवतो म्हणून. तिकडून एक पोरगी गोड आवाजात म्हणते, "सर, ही सुट्टी सिस्टीममध्ये नाहीये. आउटलेट बंद दिसलं तर पेनल्टी लागेल."

सिस्टीममध्ये सिद्धेश्वर नाही! सोलापुरात!

बाराबंदीवरच एप्रन चढवून हे काउंटरला उभे राहिले. मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं काय होतं?

आता कुणीतरी खाली लिहिणारच, "कुठल्याही धंद्याला वेळ द्यावाच लागतो." लागतो की. पण स्वतःच्या नावाची पाटी असलेला दुकानदार अक्षतेला शटर ओढून जातो, त्याला कोण विचारतंय? फ्रँचायझीत दुकानाची वेळ करारात छापलेली असते. ब्रोशरमध्ये नसते, करारात असते. आणि का असते, तेही सांगते. रॉयल्टी, म्हणजे ब्रँडच्या नावाबद्दल कंपनीचा वाटा, नफ्यावर नाही, विक्रीवर कापतात, वर 18 टक्के जीएसटी. आपल्याला चार पैसे सुटोत न सुटोत, विक्री झाली की त्यांचा वाटा निघाला. मग रात्री साडेअकराला एक पेस्ट्री खपली तरी त्यांना हवीच. दिवे आपले, बिल आपलं, जागरण आपलं.

कंपनीच दुकान चालवते असाही एक प्रकार आहे, फोको म्हणतात. तिथे वेळ कमी जातो, मान्य. पण मग तू मालक कसला? पैसे दिलेस आणि महिन्याच्या हिशेबाची वाट बघत बसलास.

आमच्याकडे पहाटे पुण्याहून गाडी येते. माल उतरवून घेताना तापमान बघायचं, फोटो काढायचा, अ‍ॅपवर टाकायचा. मे महिन्यात बाहेर 43 अंश आणि क्रीमचा केक 5 अंशांत ठेवायचा. लाईट गेली की हे अंथरुणातून उठून दुकानाकडे पळतात. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, तेही आपल्या सोयीने येत नाही. एखादं पोरगं शिकून तयार झालं की पुण्याला पळतं. आणि पोरांच्या सुट्टीच्या दिवशी त्यांच्या जागी कोण? मी.

खरी आग इथे आहे माझी. त्या ब्रोशरमध्ये मालकाचे दोन तास तरी धरलेत. मालकाच्या बायकोचा तर रकानाच नाही! पैसे किती महिन्यांत सुटतील याचं गणित मांडलंय, त्यात भाडं आहे, पगार आहेत, पॅकिंग आहे. माझा पगार कुठाय? ह्यांचा कुठाय? दोघं फुकट राबतात म्हणून तो आकडा एवढा गोजिरा दिसतो. त्या अक्षतेच्या दिवशी मीही इथेच होते, बिलं फाडत. सासूबाई एकट्याच सम्मती कट्ट्यावर, जिथे अक्षता पडतात तिथे, जाऊन आल्या. त्याची नोंद कुठल्या सिस्टीममध्ये?

दुकान चालतंय, नाही म्हणत नाही. ब्रँडमुळे पहिल्या दिवसापासून गिऱ्हाईक आलं. लेकीची फी ह्याच गल्ल्यातून गेली. झालं, लिहिलं.

आणि भावाचंही कळतं मला. बँकेत आयुष्य गेलं, सकाळी डबा घेऊन बाहेर पडायची सवय. आता घरात नुसता पेपर किती वेळ वाचणार? वर कुणीतरी टाय लावून "सर, सर" करतं, गाळा बघायला गाडी पाठवतं. बरं वाटत असेल बिचाऱ्याला. बाबा रे, वेळच घालवायचा असेल तर सकाळी कंबर तलावाला फिरायला जा, संध्याकाळी आमच्या दुकानात येऊन बस. शनिवारी ये, रात्री आठनंतर. नऊ जणांना एकाच वेळी केकवर नाव लिहून हवं असतं. बघ किती वेळ जातो ते.

मघाशी त्याला फोन केला तर म्हणतो, "ताई, तू नेहमी निगेटिव्हच बोलतेस. आणि ही आहे की घरात, बसेल ती संध्याकाळी."

ही आहे की घरात!

म्हणजे दोन तास त्याचे आणि बाकीचे तिचे, हे ठरलेलंच आहे. तिला कुणी विचारलंय का, ठाऊक नाही. टोकन सोमवारी भरायचंय म्हणे. त्याच्याशी बोलून आता उपयोग नाही. उद्या सकाळी मी वहिनीलाच फोन करते.