वकील बदल, पोरी

काल मी चार तास समाजसेवा केली आणि वहीत दोनच तास चढले. उरलेले दोन तास मी एका काकांना पटवत होते की मी गुन्हेगार नाही.

राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० तास भरायचे असतात. आमच्या गटाच्या वाट्याला कॉलेजमागच्या वस्तीतला एक कोपरा आलाय. तिथे आधी नुसतं डेब्रिज होतं, आता पाच वाफे आणि डेब्रिज आहे. काल सकाळी मी तिथे उकिडवी बसून धणे चपलेखाली रगडत होते. एका धण्यात दोन बिया असतात, फोडून पेरलेले बरे. तेवढ्यात कुंपणातून एक काठी आत आली. काठीमागून काका.

"काय चाललंय?"

"समाजसेवा, काका."

काकांनी चष्मा कपाळावर चढवला, परत नाकावर आणला. आवाज एकदम खाली.

"काय केलं होतंस?"

"वाफे केले, आता धणे पेरतेय."

"तसं नव्हे गं. गुन्हा कुठला?"

काका पेपर शेवटच्या निविदेपर्यंत वाचणाऱ्यांपैकी निघाले. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तिच्यात काही किरकोळ गुन्ह्यांना समाजसेवेची शिक्षा आहे, हे त्यांना तोंडपाठ.

"कोर्टाने नाही हो, कॉलेजने पाठवलंय."

"हो हो. घरीही हेच सांग." मग अंदाज सुरू. "चोरी असणार. पाच हजारांच्या आतली. पहिलीच वेळ आणि माल परत केला, तर एवढ्यावर सुटतं." मी गप्प. "की पिऊन धिंगाणा?"

"काका, मी चहासुद्धा घेत नाही!"

"मग अब्रुनुकसानी," निकाल लागला. "मोबाइलवर काहीबाही लिहिता तुम्ही. तरी दिसतेस चांगल्या घरातली."

अब्रुनुकसानी तेव्हा माझ्या डोक्यात होतीच, फक्त फिर्यादी मी होते.

मी टी-शर्टवरचा बिल्ला दाखवला. कोणार्कचं चाक, आठ आरे म्हणजे आठ प्रहर, म्हणजे दिवसाचे चोवीस तास सेवेला तयार. काकांनी वाकून त्यावर कैदी नंबर शोधला. नाही सापडला तर वाटेने जाणाऱ्या एका काकूंना थांबवून म्हणाले, "हिला काही बोलू नका हं, सुधारतेय." काकूंनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. ती पर्स मला अजून दिसते.

त्यानंतर माझ्या सुधारणेची सूत्रं काकांनी हातात घेतली. ओळ वाकडी आहे, बी वर राहिलंय, शिक्षा झाली म्हणून वेठीला धरल्यासारखं करू नये, मन लावावं. शेवटी "थांब, मी दाखवतो" म्हणत त्यांनी स्वतःची पाण्याची बाटली वाफ्यात उपडी केली. माझे रगडलेले धणे तरंगत तरंगत डेब्रिजला जाऊन मिळाले.

सर आले ते नेमके तेव्हा. मी कमरेवर हात ठेवून एका ज्येष्ठ नागरिकाशी बोलतेय, हे त्यांनी लांबूनच पाहिलं. "गप्पांचे तास धरत नाही." दोन कापले. शेवटची दहा मिनिटं उगवून झारीसकट फोटो काढणाऱ्या दोघांना मात्र पूर्ण चार मिळाले. झारी रिकामी होती. मी बघितली ना. आणि बोलायचंच तर, पावसाळ्यात रोपं लावायला पन्नास हात येतात. मे महिन्यात आम्ही सुट्टीवर, आणि गेल्या वर्षीच्या वांग्यांना ते कुणी कळवलंच नव्हतं. काड्या उपटायला जूनमध्ये मीच होते. त्याचेही तास धरले नाहीत, कारण फोटो नव्हता.

मी चिखलातून धणे वेचत असताना काका निघाले. कुंपणापाशी थबकले.

"अजून किती राहिलेत?"

"८६ तास."

"अरे देवा," काकांनी कपाळाला हात लावला. "वकील बदल, पोरी."