खुर्चीला नकार

काल संध्याकाळी एका गृहस्थांनी माझी खुर्ची नाकारली. मी फुकट देत होते, तरी. तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाहीये.

झालंय काय, परदेशात नोकरी लागलीय, पुढच्या आठवड्यात विमान, आणि गेले सहा महिने मी भेटेल त्याला ऐकवतेय की आता साधं जगायचं, दोन बॅगा आणि मी, बाकी सगळं वाटून टाकायचं. बोलायला काय जातंय! प्रत्यक्षात या साधेपणासाठी मी आधी खरेदीच केली. व्हॅक्यूमच्या पिशव्या आणल्या, त्यात स्वेटर कोंबून हवा काढली, पापडासारखा चपटा झाला, आणि वजन मात्र होतं तेवढंच. हवेला वजन नसतं हे शाळेत नीट शिकवलं असतं तर (असतं म्हणे, पण माझ्या कामापुरतं नाही). बॅग टांगून वजन करायचा काटा आणला. मग उशी कुरिअरने पाठवावी म्हटलं तर तिथे लांबी, रुंदी, उंची गुणून ५००० ने भागतात आणि येईल ते वजन धरतात. माझी उशी ६० बाय ४० बाय १५ सेंटिमीटर. म्हणजे सात किलो दोनशे. इतकी वर्षं मी त्यावर डोकं ठेवून झोपले, मला कधी जाणवलं नाही.

तर खुर्ची. व्हॉट्सॅप ग्रुपवर फोटो टाकला, 'उत्तम स्थितीतली खुर्ची, विनामूल्य, येऊन न्यावी'. अकरा जणांनी विचारलं, अजून आहे का? आहे म्हटलं की गायब. हे लोक नुसतेच जगात काय काय अजून आहे याची खात्री करत फिरतात की काय कोण जाणे. बारावे ते काका. स्वतःची मोजपट्टी आणि टॉर्च घेऊन आले.

"किती वर्षं वापरली?"

"नऊ."

"बसायचं कोण?"

"मीच."

त्यांनी आधी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मग वाकून खुर्चीचे पाय पाहिले. या क्रमाने पाहिलेलं मला आवडलं नाही.

"फुकट का देताय?"

"परदेशी चाललेय ना."

"ते कळलं हो. पण फुकट का?"

"कमी वस्तूंत राहायचं ठरवलंय, काका."

"म्हणजे विकली जात नव्हती."

"अहो, मला विकायचीच नव्हती!"

"तेच. विकली जात नसली की माणूस असंच म्हणतो."

मग ते खुर्चीवर बसले. चाळीस मिनिटं. पाणी प्यायले, मागे रेलले, डावीकडे झुकले, उजवीकडे झुकले, म्हणाले कुरकुरतेय. नऊ वर्षांत ती माझ्याजवळ एका शब्दाने कुरकुरली नव्हती. मग त्यांनी काकूंना व्हिडिओ कॉल लावला, खुर्चीभोवती फोन फिरवला, तर काकूंचा आवाज, "खुर्ची राहू दे, मागचे पडदे देतायत का विचारा." मी म्हटलं, पडदे मला शनिवारपर्यंत लागणार आहेत. "मग शनिवारी येतो," काका म्हणाले, जणू उपकार.

शेवटी उठले आणि निकाल दिला. "अजून तीन असत्या तर नेल्या असत्या. एकटी खुर्ची नेऊन काय करू? आणि फुकटच्या वस्तूचं नंतर काही झालं तर बोलायचं कुणाला?"

आता यावर काय बोलणार! १९९० साली काहनेमन, नेच आणि थेलर या संशोधकांनी एका प्रयोगात काही विद्यार्थ्यांना कॉफीचे मग वाटले आणि नंतर ते विकायला लावले, तर ज्यांच्या हातात मग आले होते ते लोक घेणाऱ्यांच्या साधारण दुप्पट किंमत मागायला लागले. का, तर आपलं झालं की ते भारीच वाटतं. थेलर आणि काहनेमन या दोघांना पुढे अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, वेगवेगळ्या वर्षी. पण शून्य किमतीलाही वस्तू नाकारली गेली तर मालकिणीला काय वाटतं, यावर त्यांनी प्रयोग केला असेल तर माझ्या वाचनात नाही.

आणि हे 'सामानात काय ठेवलंय' म्हणणारे. त्यांचा डायोजेनिस ठरलेला असतो, तो जुना ग्रीक तत्त्ववेत्ता. सिनोपी या आपल्या गावातून हद्दपार झाला, अथेन्सला आला, रांजणात राहिला, एका पोराला ओंजळीने पाणी पिताना पाहून जवळचं भांडंही फेकून दिलं, वा वा. पण त्याच्या चरित्रातली आधीची गोष्ट कुणी सांगत नाही. त्याने एकाला छोटंसं घर बघायला सांगितलं होतं, त्या माणसाने उशीर केला, म्हणून हा रांजणात गेला! म्हणजे परक्या गावात भाड्याचं घर वेळेत मिळालं नाही, इतकंच. माझंही अजून मिळालेलं नाही आणि तिकडून उत्तरं येत नाहीत आणि मला रात्री झोप येत नाही आणि याला लोक तत्त्वज्ञान म्हणतात.

असो. काका दाराकडे निघाले आणि थांबले. कडीला माझी बॅग काट्यावर लटकत होती. मर्यादा २३ किलो, काटा सांगत होता २३.२.

"जास्त होतंय," काका म्हणाले.

"माहितीये."

"ते वरचं काय आहे?"

ते गजराचं घड्याळ होतं. चावीचं, बाबांचं. सगळं वाटून टाकताना हे एकच राखलं होतं, कुणालाही न सांगता.

"फोनमध्ये गजर असतो की. साधं जगायचंय ना तुम्हाला?"

स्वतःचंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की फार मूर्ख वाटतं हो. मी घड्याळ काढलं. काटा २३ वर आला. "बघा!" काका खूश, जणू त्यांचीच बॅग. "आता या काट्याचं तरी तुम्हाला काय काम?" आणि मी, सहा महिने जिभेला हाड नसल्यासारखी त्यागाच्या गप्पा मारलेली बाई, काय म्हणणार? काटा एका हातात, घड्याळ दुसऱ्या हातात, काका जिना उतरले. खुर्ची इथेच. आता मी तिच्यावरच बसलेय. कुरकुरते खरी, कालपासून ऐकू यायला लागलंय.

आज सकाळी साडेसहाला मेसेज आला. 'तुमचा काटा तपासला. दोनशे ग्रॅम जास्त दाखवतो. शनिवारी पडद्यांना येईन तेव्हा परत आणतो. घड्याळ मात्र उत्तम, त्याच्याच गजराने उठलो.'