दांडेकरबाई ‘अमेरिकेच्या सिनेटर’ नव्हत्या, मॅरियनच्या आमदार होत्या

स्वाती दांडेकरांवरचा तो मेसेज परत एकदा आमच्या ग्रुपवर येऊन पडला. मजकूर थोडक्यात असा: नागपूरची लेक अमेरिकेची सिनेटर झाली, अमेरिकेत निवडून आलेली ती पहिली भारतीय, तिथल्या भारतीयांनी एकगठ्ठा मतं दिली म्हणून हे जमलं, पुढे ओबामांनी तिला राजदूत केलं. खाली झेंडे आणि जोडलेले हात. एका काकांनी तेवढ्यात चिमटा काढलाच, की मोठी खुर्ची दिसल्यावर बाईंनी पक्षाला टांग दिली.

दांडेकरबाईंबद्दल मलाही कौतुक आहे, म्हणूनच हे लिहितोय.

आधी ‘सिनेटर’. वॉशिंग्टनमधली सिनेट म्हणजे 100 जण, दर राज्यामागे दोन. दांडेकर तिथे कधीच नव्हत्या. त्या होत्या आयोवा राज्याच्या सिनेटमध्ये, जिथे 50 जण बसतात. त्याआधी 2002, 2004 आणि 2006 अशा तीन निवडणुका जिंकून त्या राज्याच्या खालच्या सभागृहात होत्या. आपल्या भाषेत आमदार. पण आपला आमदार डोळ्यासमोर आणू नका. 2000 च्या जनगणनेत सगळ्या आयोवाची वस्ती सव्वाएकोणतीस लाख, म्हणजे खालच्या सभागृहाच्या एका मतदारसंघात जेमतेम 29 हजार माणसं. महाराष्ट्रात एका आमदारामागे 2011 च्या हिशेबानं जवळपास चार लाख येतात. अधिवेशन जानेवारीत सुरू होतं आणि वसंतात आटोपतं. मानधन वर्षाला 25 हजार डॉलरच्या आसपास, म्हणजे त्यावर घर चालवणं कठीण. साध्या सदस्याला स्वतंत्र केबिनही नसते. राज्याच्या राजधानीत, डे मॉइनमध्ये, विधिमंडळाच्या सोनेरी घुमटाखाली, सभागृहातलं आपलं टेबल हेच ऑफिस. भेटायला येणारा बाहेर थांबतो, चिठ्ठी आत पाठवतो आणि आमदार उठून त्याच्याकडे जातो. मला विचाराल तर ‘अमेरिकेची सिनेटर’पेक्षा हे चित्र कितीतरी मजेदार आहे.

‘पहिली भारतीय’ हेही खरं नाही. पंजाबातून गेलेले दलीप सिंग सौंद 1956 मध्येच कॅलिफोर्नियातून थेट अमेरिकन काँग्रेसवर, म्हणजे तिथल्या संसदेवर, निवडून आले होते. राज्यांच्या विधिमंडळाचंच बोलायचं तर 1990 मध्ये मेरिलँडमधून कुमार बर्वे निवडून आले. हेही आडनाव आपलंच, पण त्यांचा जन्म अमेरिकेतला. दांडेकरांच्या नावावर आहे ते असं: भारतात जन्मून अमेरिकेतल्या राज्य विधिमंडळावर निवडून आलेल्या सुरुवातीच्या मोजक्या स्त्रियांपैकी एक. हे एवढं पुरेसं नाही का? त्याला फुगवायची गरज कुणाला पडते कळत नाही.

आणि मतांचा मुद्दा. माझा खरा राग यावर आहे. आयोवा म्हणजे मका, सोयाबीन आणि डुकरं. तेव्हा शंभरातले त्र्याण्णव-चौऱ्याण्णव लोक गोरे, आणि भारतीय सगळ्या राज्यात मिळून काही हजार. दांडेकरांचं मॅरियन हे तिथल्या सीडर रॅपिड्स शहराला लागून असलेलं गाव. तिथे ‘आपली मतं’ मोजायला बसलात तर एका हॉलमधल्या गणपतीच्या आरतीतच यादी संपेल. दांडेकर 1973 मध्ये आयोवात आल्या आणि 1996 मध्ये तिथल्या लिन-मार स्कूल बोर्डावर निवडून गेल्या. शाळेचं बजेट, शिक्षकांचे पगार, कुठली इमारत वाढवायची असली कामं. सहा वर्षं ती केल्यावर 2002 मध्ये त्या डेमोक्रॅटिक पक्षाकडून उभ्या राहिल्या. ऐन प्रचारात रिपब्लिकन प्रतिस्पर्धी बाईंची एक ईमेल बाहेर आली. भारतात वाढलेल्या व्यक्तीला मिडवेस्टच्या, म्हणजे आयोवासारख्या मध्य-पश्चिमी राज्यांतल्या, लोकांची मूल्यं कशी मांडता येणार, असा तिचा सूर. तोवर दांडेकरांना आयोवात 29 वर्षं झाली होती! त्या निवडून आल्या, आणि आल्या त्या गोऱ्या शेजाऱ्यांच्या मतांवर. ज्या पालकांनी त्यांना स्कूल बोर्डात काम करताना पाहिलं होतं, त्यांच्या. ‘भारतीयांनी निवडून दिलं’ म्हटलं की ती सहा वर्षंही पुसली जातात आणि त्या मतदारांचा शहाणपणाही.

राजदूताचं अर्धं खरं आहे. ओबामांनी त्यांना मनिलाच्या आशियाई विकास बँकेत अमेरिकेच्या कार्यकारी संचालक म्हणून नेमलं. पदाला राजदूताचा दर्जा. वकिलात मात्र कुठलीच नाही.

आता काकांचा चिमटा. 2011 मध्ये रिपब्लिकन गव्हर्नर टेरी ब्रॅनस्टॅड यांनी दांडेकरांना वीज-गॅसवर देखरेख करणाऱ्या आयोवा युटिलिटीज बोर्डावर नेमलं आणि त्यांनी सिनेटची जागा सोडली. तेव्हा सिनेटमध्ये डेमोक्रॅट 26 आणि रिपब्लिकन 24. म्हणजे एका राजीनाम्यानं बहुमत टांगणीला लागलं. समलिंगी विवाहाविरुद्धची घटनादुरुस्ती त्याच बहुमतानं अडवून धरली होती, त्यामुळे डेमोक्रॅट चिडले ते उगाच नाही. तेवढ्यापुरतं काकांचं म्हणणं मान्य. पण पक्ष त्यांनी सोडला नव्हता. नोव्हेंबरातल्या पोटनिवडणुकीत पूर्वी टीव्हीवर बातम्या देणाऱ्या लिझ मॅथिस यांनी ती जागा डेमोक्रॅटांकडेच राखली. आणि 2013 मध्ये दांडेकरांनी बोर्डाची ती मोठी खुर्चीही सोडली, कशासाठी, तर त्याच पक्षाकडून अमेरिकन काँग्रेसची उमेदवारी मागण्यासाठी. 2014 च्या प्रायमरीत, म्हणजे उमेदवार ठरवायच्या पक्षांतर्गत निवडणुकीत, त्या हरल्या. उमेदवारी पॅट मर्फींना मिळाली. ही हार त्या मेसेजमध्ये कुठेच नाही.