प्रोसेस हँग झाली? आधी मारा, मग तपासा

लिनक्स सर्व्हरवरची एखादी प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्राम, जागच्या जागी गोठली, की अजिबात बावचळू नका. जाणत्या मंडळींनी यावर एक सिद्ध पद्धत बसवून ठेवली आहे. गेल्या शनिवारी रात्री, ताट वाढलेलं असताना, ती मला फोनवरून साग्रसंगीत ऐकायला मिळाली. एवढं ज्ञान एकट्याने पचवणं बरं नव्हे.

सर्वात आधी किल -९ द्या, म्हणजे प्रोसेसला जागीच ठार करणारी कमांड. प्रोसेस कुठे अडकली आहे, कोणाच्या उत्तराची वाट बघत बसली आहे, हे फक्त तिलाच ठाऊक असतं. म्हणून तिला काही विचारायच्या आत संपवा. मग नवी, ठणठणीत प्रोसेस थेट एसट्रेसखाली सुरू करा आणि हिचे सिस्टीम कॉल, म्हणजे तिने कर्नलकडे (सिस्टीमच्या गाभ्याकडे) केलेल्या मागण्या, बारकाईने वाचा; एसट्रेस त्या ओळीओळीने दाखवतं. म्हातारा गेल्यावर घरातल्या तरण्याताठ्या पोराची नाडी बघून आजाराचं निदान करावं, तसं.

मॅन पेज (कमांडची माहितीपुस्तिका) उघडू नका. आपण काय शिकाऊ आहोत का?

आउटपुट पाइपने ग्रेपला (हव्या त्याच ओळी गाळून देणाऱ्या कमांडला) द्या आणि ते न गाळता तसंच धो धो वाहत राहिलं, की ग्रेपच्या नावाने बोटं मोडा. एसट्रेस जे बोलतं ते स्टँडर्ड एररवर, म्हणजे पाइपमध्ये न जाणाऱ्या वेगळ्या वाटेने बोलतं, हायफन ओ हा पर्याय दिला की मुकाट फाइलमध्ये उतरतं. पण या झाल्या पुस्तकी गोष्टी.

‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ आलं तर पीट्रेस-स्कोप (कोणी कोणाच्या प्रोसेसमध्ये डोकवायचं हे ठरवणारं सुरक्षेचं सेटिंग) शून्य करा आणि परत एक करायला विसरा.

डेटाबेसवर लावायचं असेल तर ऐन गर्दीची वेळ गाठा. एसट्रेस प्रत्येक सिस्टीम कॉलला प्रोसेस दोनदा थांबवतं, कर्नलमध्ये शिरताना एकदा आणि बाहेर पडताना एकदा. मग ‘डेटाबेस स्लो आहे’ असा शोध लावायला सोपं जातं.

आता मुख्य विधी. स्क्रीनचा मोबाइलने फोटो काढा. तिरका. ट्यूबलाइटची चकाकी बरोबर मधल्या चार ओळींवर यायला हवी. त्यात जिथे ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ दिसेल तिथे लाल गोल करा आणि व्हॉट्सॅप ग्रुपवर टाका. खाली लिहा, ‘इश्यू मिळाला’. शनिवारी तो लाल गोल /ईटीसी/एलडी.एसओ.प्रीलोड या फाइलभोवती होता. ही फाइल कोणी डिलीट केली, यावर कॉलवर रीतसर चौकशी बसली. बॅकअप आहे का, शेवटचं लॉगिन कोणाचं, सगळं झालं. अहो, ती फाइल नसतेच! लोडर (प्रोग्रामला त्याच्या लायब्ररी जोडून देणारा) प्रत्येक प्रोग्राम सुरू होताना ती आहे का बघतो, नसते, पुढे जातो. फाइलींची यादी दाखवणाऱ्या साध्या एलएसवर एसट्रेस लावा, तीच ओळ येईल, तोच एरर येईल आणि एलएस खुशाल चालेल. एखादी लायब्ररी चार फोल्डरांत शोधली आणि चौथ्यात सापडली, तर आधीचे तीन एरर म्हणजे बिघाड नव्हे, शोधाशोध आहे! हे मी सांगत होतो, तर ‘तुम्ही म्यूटवर आहात’ म्हणाले. नव्हतो. शेवटी एका हुशाराने टच मारून रिकामी फाइल तयार केली. सर्व्हिस चालू होती (रिस्टार्ट झाल्यापासून चालूच होती!), म्हणून तक्रारीच्या तिकिटावर मूळ कारण पडलं: ‘फाइल गहाळ’. तिकीट बंद. अभिनंदनाचे अंगठे.

अरे बाबांनो, दोन मिनिटं लागतात. दोन! मारायच्या आधी एसट्रेसला हायफन पी आणि पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) द्या. हायफन एफ विसरू नका, त्याने सगळे थ्रेड (प्रोसेसमधली समांतर कामं) दिसतात, नाहीतर फक्त मेन थ्रेड फ्युटेक्सवर (दुसऱ्या थ्रेडची वाट बघत) झोपलेला दिसतो आणि तुम्ही ‘डेडलॉक’, म्हणजे थ्रेड एकमेकांत अडकले, म्हणून ओरडत सुटता. मग शेवटच्या ओळी बघा. ‘रिसीव्हफ्रॉम(१४,’ (पलीकडून आलेला डेटा घ्यायचा कॉल) अशी ओळ अर्धीच थांबली असेल आणि पुढे बरोबरचं चिन्ह येतच नसेल, तर कॉल आत गेलाय आणि परतलेला नाही. पलीकडचं कोणीतरी उत्तर देत नाहीये. ते १४ (कनेक्शनचा क्रमांक) म्हणजे कोण, हे हायफन वायवाय दिलं की पत्त्यासकट छापून येतं. प्रोसेस डी स्टेटमध्ये (कर्नलच्या आतच अडकून झोपलेली) असेल तर एसट्रेसही गप्प बसतं, तेव्हा /प्रोक या फोल्डरमधली तिची स्टॅक फाइल (ती कर्नलमध्ये कुठे आहे ते सांगणारी) रूटने, म्हणजे सर्वाधिकारी खात्याने, वाचा. हे सगळं त्या मेलेल्या प्रोसेसकडे होतं.

आणि फोटो नको, टेक्स्ट पाठवा. तेही आधी स्वतः वाचून. एसट्रेसमध्ये मजकूर ३२ अक्षरांवर तुटतो म्हणून तुम्ही हायफन एसने ती मर्यादा वाढवता आणि मग पासवर्ड अख्ख्या ग्रुपला वाटता.

सर्व्हिस परत गोठणार आहे, कारण बिघाडाला कोणी हातच लावलेला नाही. तेव्हा फोन केलात तर आधी एवढंच विचारीन, मारली का? ‘हो’ म्हणालात तर मी जेवायला बसतोय.