राजवंशी असाल तर बटाटे लावा

क्रांतीची खुमखुमी असेल तर आधी वंशावळ दुरुस्त करून घ्या. आयर्लंडच्या कॉर्क परगण्यातल्या रॉजर कॉनर यांनी तेच केलं. आडनावामागे एक ‘ओ’ चिकटवला आणि ते आयर्लंडच्या शेवटच्या महाराजाचे, रोरी ओ’कॉनरचे, वारस झाले. पुढे पुस्तक छापून स्वतःला कुळाचा प्रमुखही म्हणवून घेतलं. मधल्या काळात, 1817 साली, टपालगाडी लुटल्याच्या आरोपावरून आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले. निर्दोष सुटले म्हणा.

असा बाप लाभला की निम्मं काम झालं. उरलेलं कसं करावं ते चिरंजीव फर्गसकडून शिका. त्यांनी इंग्लंडात लीड्सला ‘नॉर्दर्न स्टार’ हे वर्तमानपत्र काढलं, कामगारांना मताचा हक्क मागायला लावलं आणि यॉर्कच्या तुरुंगात जाऊन आले. सुटताना कपड्यांकडे लक्ष द्या बरं! हे महाराजांचे वंशज 1841 साली बाहेर आले ते गिरणी कामगाराच्या जाड्याभरड्या फस्टियन कापडाचा सूट शिवून घेऊन.

मोर्च्यांनी काही होईना की शेतीकडे वळा. स्वतः नांगर धरायची गरज नाही, कागदावर गणित करा. दोन ते चार एकर, एक घर, डुकरं, फावड्यानं खणलेली जमीन आणि मुख्यतः बटाटे, एवढ्यावर कुटुंब आरामात जगतं. ही योजना 1845 मध्ये आली. त्याच वर्षी आयर्लंडात बटाट्यावर करपा पडून पिकं वावरातच सडली. तुम्ही अशा किरकोळ बातम्यांकडे लक्ष देऊ नका.

मग कामगारांकडून आठवड्याला चार-दोन पेन्स गोळा करा. साधारण 70,000 जणांनी पैसे भरले, चिठ्ठ्या टाकून जमीन मिळाली ती अडीचशेच्या आसपास लोकांना. बाकीच्यांनी वाट पाहायची, तोवर वर्तमानपत्र वाचायचं. तेही तुमचंच. ज्यांचं नशीब फळफळलं त्यांत हयात मागावर काढलेले विणकर होते. हातात पहिल्यांदाच फावडं, समोर इंग्लंडातली चिकणमाती आणि छोट्या शेतीवरचं तुमचं पुस्तक.

हिशेब मात्र मन लावून बिघडवा. 1848 मध्ये संसदेच्या समितीनं वह्या तपासल्या. कशाचा कशाला मेळ नव्हता, पण चोरी सापडेना. उलट योजनेसाठी काढलेली कंपनीच फर्गसचे 3,000 पौंडांहून अधिक देणं लागत होती! एवढा खटाटोप करून खायचंच राहून गेलं. ही चूक तुम्ही कराल असं आजूबाजूला पाहून वाटत नाही.

त्याच वर्षी मताच्या हक्कासाठी संसदेला अर्ज दिलात तर सह्या 57 लाख सांगा. कारकुनांनी मोजल्या तेव्हा पावणेवीस लाखांच्या आसपास भरल्या, आणि त्यांत व्हिक्टोरिया राणीचीही होती.

शेवट फार लांबवू नका. 1852 मध्ये तोवर खासदार झालेल्या फर्गस यांनी संसदेच्या सभागृहातच एका सदस्यावर हात उगारला, आणि तिथून त्यांची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात झाली. 1855 मध्ये गेले, तेव्हा लंडनमध्ये अंत्ययात्रेला हजारोंची गर्दी लोटली. ज्यांचे पैसे बुडाले तेही त्यात असणारच.

हो, एक राहिलं. वसाहतीत गुत्ता चालणार नाही, असं बजावून ठेवा. हेरन्सगेटला, त्यांच्या योजनेतल्या एका वसाहतीत, फर्गस यांनी तसं बजावलं होतं. गुत्ता हद्दीबाहेर निघाला आणि त्याच्या पाटीवर नाव आलं : ‘स्वातंत्र्य, शांती आणि समृद्धीची भूमी’.