आधी डाउन समजावा, टचडाउन नंतर

दर फेब्रुवारीत आमच्या इथल्या मराठी मंडळींच्या सुपर बोल पार्टीत, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या पार्टीत, तेच चित्र असतं. हॉलमध्ये टीव्ही चालू, समोर चार-पाच मुलं. बाकी सगळे स्वयंपाकघरात, पावभाजीच्या पातेल्याभोवती. हाफटाइमची गाणी लागली की सगळे बाहेर येतात, जाहिराती बघतात आणि खेळ सुरू झाला की पुन्हा आत. "यात खेळ कुठाय, नुसती धक्काबुक्की, आणि मग थांबून राहायचं," असं कुणीतरी म्हणतंच. फिलाडेल्फियाजवळ राहून मला बारा वर्षं झाली. हे वाक्य ऐकलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण अमेरिकन फुटबॉल कळायला अवघड नाही. तो समजावणारे भलत्याच ठिकाणाहून सुरुवात करतात.

सुरुवात नेहमी टचडाउनपासून होते. चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे नेला की टचडाउन, त्याचे 6 गुण, त्यानंतरच्या किकचा 1, फील्ड गोलचे 3, सेफ्टीचे 2. सगळं बरोबर आहे, पण ऐकणाऱ्याला समोर चाललंय त्यातलं काहीच कळत नाही. क्रिकेट शिकवताना चौकार-षटकार सांगायचे आणि ओव्हर म्हणजे काय हे सांगायचंच नाही, तसं हे झालं.

मला हे बाबांमुळे उमगलं. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरमध्ये ते सांगलीहून आले होते. तरुणपणी कबड्डी खेळलेले, आजही टीव्हीवर प्रो कबड्डीचा एकही सामना न सोडणारे. रविवारी दुपारी नातवाशेजारी सोफ्यावर बसले आणि दहा मिनिटांत म्हणाले, "हे सारखे थांबतात का गं?"

मी गुणांचं बाजूला ठेवलं आणि एवढंच सांगितलं. ज्यांच्याकडे चेंडू आहे त्यांना 10 यार्ड पुढे जायचंय, आणि त्यासाठी चार प्रयत्न आहेत. त्या एकेका प्रयत्नाला डाउन म्हणतात. चारांत 10 यार्ड झाले की पुन्हा नवे चार मिळतात. नाही झाले, तर चेंडू आहे तिथे समोरच्यांचा. यार्ड आपल्याला परका नाही. क्रिकेटची खेळपट्टी 22 यार्डांची असते, म्हणजे तिच्या निम्म्यालाही थोडं कमी इतकं अंतर. पडद्याच्या कोपऱ्यात "थर्ड अँड सेव्हन" दिसलं, तर तिसरा प्रयत्न चालू आहे आणि अजून सात यार्ड हवेत, इतकाच त्याचा अर्थ.

बाबा थोडा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी डू ऑर डाय. तसंच की हे."

अगदी तसंच. तिथून पुढे त्यांना काही समजवावं लागलं नाही, ते स्वतःच विचारत गेले. सेकंड अँड टू असेल तर बचाव करणाऱ्यांना धड अंदाज येत नाही, कारण चेंडू घेऊन पळणंही परवडतं आणि लांब फेकून बघणंही. थर्ड अँड टेन असेल तर सगळ्या स्टेडियमला ठाऊक असतं की आता क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू हाती घेऊन चाल चालवणारा गडी, फेकणार, म्हणून समोरचे त्याच्यावरच तुटून पडतात. फेकण्याआधीच स्क्रिमेज लाइनच्या, म्हणजे चाल जिथून सुरू होते त्या रेषेच्या, मागे त्याला पाडलं, की तो सॅक. आकडे बघून पुढची चाल ओळखायची, ही या खेळातली सगळ्यात मोठी मजा आहे. ती पहिल्याच दिवशी घेता येते.

खरा जीव अडकतो तो चौथ्या डाउनला. तिथे तीन वाटा असतात. पंट करायचा, म्हणजे चेंडू लाथाडून लांब समोरच्यांच्या हद्दीत घालवायचा, म्हणजे त्यांना दुरून सुरुवात करावी लागते. जवळ असाल तर फील्ड गोलची किक मारून तीन गुण घ्यायचे. किंवा धोका पत्करून उरलेले यार्ड मिळवायला जायचं. फील्ड गोलचं अंतर मोजताना चेंडू असेल तिथपासून गोलरेषेपर्यंतच्या यार्डांत साधारण 17 मिळवा, कारण खांब एंड झोनच्या, म्हणजे गोलरेषेपलीकडच्या पट्ट्याच्या, मागच्या टोकाला, 10 यार्ड पलीकडे असतात आणि किक मारण्यासाठी चेंडू सातेक यार्ड मागे दिला जातो. तीस यार्डांच्या रेषेवरून मारली, तर 47 यार्डांची किक.

आमच्या गावाला चौथ्या डाउनचं महत्त्व कुणी समजावून द्यायला नको. 4 फेब्रुवारी 2018. सुपर बोल, आमचे फिलाडेल्फियाचे ईगल्स विरुद्ध न्यू इंग्लंडचे पेट्रियट्स, हाफटाइमला 38 सेकंद, ईगल्स 15-12 नं पुढे, चौथा डाउन, गोलरेषा एक यार्डावर. हमखास तीन गुण घेऊन आत जाता आलं असतं. प्रशिक्षक डग पीडरसननी ते घेतले नाहीत. स्नॅप, म्हणजे चाल सुरू करताना मागे दिलेला चेंडू, क्वार्टरबॅकला न जाता थेट कोरी क्लेमेंटकडे गेला, त्यानं चेंडू ट्रे बर्टनकडे दिला आणि बर्टननं तो फेकला कुणाकडे, तर एंड झोनमध्ये एकटा मोकळा उभा असलेल्या क्वार्टरबॅक निक फोल्सकडे! एरवी जो फेकतो, त्यानंच झेललं. ईगल्सनी तो सामना 41-33 जिंकला, त्यांचा पहिला सुपर बोल. त्या चालीला इथे फिली स्पेशल म्हणतात आणि तिचा पुतळा स्टेडियमबाहेर उभा आहे. पण डाउन माहीत नसेल तर हा क्षण बघणाऱ्याला काय दिसेल? एकानं फेकलं, दुसऱ्यानं झेललं. बस.

डाउन आले कुठून, हेही ऐकण्यासारखं आहे. सुरुवातीच्या काळात असा नियमच नव्हता. 1881 साली येल आणि प्रिन्स्टन या कॉलेजांच्या संघांत सामना झाला, त्यात प्रत्येकानं एकेक अर्धा डाव चेंडू नुसता आपल्याकडे दाबून ठेवला. निकाल शून्य-शून्य. लोक अर्थातच चिडले. मग 1882 मध्ये येलच्या वॉल्टर कॅम्पच्या पुढाकारानं नियम आला की तीन प्रयत्नांत पाच यार्ड जा, नाहीतर चेंडू सोडा. पाचाचे दहा झाले 1906 साली, आणि त्याच वर्षी पुढे फेकण्याचा पास कायदेशीर ठरला, कारण नुसत्या रेटारेटीत मुलं मरत होती. चौथा डाउन मिळाला 1912 मध्ये. ज्या नियमाला आपण रटाळ म्हणतो, तो खेळ रटाळ होऊ नये म्हणूनच जन्मला.

आता त्या थांबण्याबद्दल. एक चाल संपली की पुढची सुरू करायला एरवी 40 सेकंद मिळतात. त्या वेळात प्रशिक्षक चाल कळवतो, क्वार्टरबॅक ती सगळ्यांना सांगतो, समोरचे आपली माणसं हलवतात, त्यांची मांडणी पाहून क्वार्टरबॅक ऐन वेळी चाल बदलतो. क्रिकेटमध्ये दोन चेंडूंच्या मधे कर्णधार क्षेत्ररक्षण लावतो, तेव्हा आपण "थांबले का" म्हणून उठून जात नाही. खेळाडू गोल करून उभे राहतात, त्या हडलची गोष्ट तर मला फार आवडते. 1890 च्या दशकात कर्णबधिरांच्या गॅलॉडेट महाविद्यालयाचा क्वार्टरबॅक पॉल हबर्ड यानं आपल्या हातांच्या खुणा समोरच्या कर्णबधिर संघाला दिसू नयेत म्हणून साथीदारांना गोल उभं केलं, असं सांगतात.

पंच टाकतात त्या दंडाच्या पिवळ्या रुमालांना घाबरू नका. फॉल्स स्टार्टचे, म्हणजे चाल सुरू होण्याआधीच हलल्याचे, पाच यार्ड मागे, आक्रमणातल्या होल्डिंगचे, म्हणजे समोरच्याला धरून ठेवल्याचे, दहा. बाकीचं हळूहळू कळतं. आणि नवे चार डाउन मिळायला कुठवर जायचं हे दाखवणारी टीव्हीवरची ती पिवळी रेघ मैदानावर आखलेली नसते. ती 1998 पासून पडद्यावर उमटते. प्रत्यक्ष मैदानात सामना बघायला गेलात तर नजर कडेला उभ्या केशरी खांबांवर ठेवा.

घड्याळ मात्र नीट समजून घ्या. गडी मैदानाच्या आतच पाडला गेला तर घड्याळ चालू राहतं. पास कुणी झेलला नाही तर थांबतं. एवढ्या एका गोष्टीवर 2015 चा सुपर बोल फिरला. सिअ‍ॅटल चार गुणांनी मागे, गोलरेषा एक यार्डावर, दुसरा डाउन, 26 सेकंद आणि एकच टाइमआउट, म्हणजे घड्याळ थांबवायची एकच संधी. मार्शॉन लिंचसारखा दांडगा पळणारा असूनही त्यांनी पास टाकला, आणि पेट्रियट्सच्या माल्कम बटलर या नवख्या पोरानं तो मधेच पकडला. 28-24, खेळ खल्लास. जगभरात या चालीला मूर्खपणा म्हटलं गेलं. मला तसं वाटत नाही. पळाले असते आणि अडले असते, तर एकुलता टाइमआउट तिथेच गेला असता. पास नुसता खाली पडला असता, तर घड्याळ आपोआप थांबून आणखी दोन प्रयत्न हातात राहिले असते. हिशेब बरोबर होता. बटलरनं ती चाल सरावात पाहिली होती, म्हणून तो आधी पोचला.

या खेळातल्या डोक्याच्या दुखापती खऱ्या आहेत आणि त्या मला फार टोचतात. म्हणून माझा मुलगा टॅकल खेळत नाही, कमरेची पट्टी ओढायचा फ्लॅग फुटबॉल खेळतो. तो 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये आहे, आपल्या क्रिकेटसोबतच. लहान मुलांना टॅकलला घालू नये असं माझं ठाम मत आहे, मग मैदानावर कुणाला राग आला तरी चालेल.

बाबा आता सांगलीत असतात. सिअ‍ॅटलची ती चाल नातवानं त्यांना फोनवर पाठवली, तेव्हापासून आमचं त्यावर पटलेलं नाही. "एक यार्ड होतं, अंगावर माणसं घेऊन जाणारा गडी होता. घड्याळ कसलं बघता?" मी डाउन मोजून दाखवते, टाइमआउटचा हिशेब मांडते. ते ऐकून घेतात, आणि पुढच्या रविवारी फोन आला की पुन्हा त्याच एका यार्डापासून सुरू करतात.