संस्कारी घरातही मुलांची आबाळ होते

गेल्या आठवड्यात मावशीने घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला: ‘चाइल्ड नेग्लेक्ट हे परदेशी थोतांड आहे. आपल्या संस्कारी घरांत मुलांकडे दुर्लक्ष होत नाही, ते दारुड्यांच्या वस्तीत होतं. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन केला की सरकार मुलं उचलून नेतं. गरीब आई कामाला गेली तरी तिला तुरुंग. दुसऱ्याच्या घरात नाक खुपसू नका.’ एरवी मी असलं काही वाचत नाही. पण हेच दाखवून मावशीने मला आमच्या सोसायटीतल्या एका मुलीबद्दल गप्प बसायला सांगितलं.

परदेशी थोतांड? आबाळ, हेळसांड हे शब्द आपल्याला बाहेरच्या कुणी शिकवले नाहीत. आई गेलेल्या पोराकडे बघून ‘आबाळ होतेय गं त्याची’ म्हणणाऱ्या बायका आपल्याच वाड्यांत राहत होत्या.

आता संस्कारी घर. ही मुलगी आठ-नऊ वर्षांची. कोथरूडमधला ऐसपैस फ्लॅट, दारात रोज रांगोळी, घरात आजी-आजोबा. तिला फळ्यावरचं दिसत नाही, हे शाळेने दोनदा कळवलं. वर्ष होत आलं, डोळे तपासलेले नाहीत. आजी म्हणाल्या, ‘मुलीच्या जातीला इतक्या लवकर चष्मा लागला तर पुढे लग्नाला अडचण.’ धाकट्या भावाचा दात दुखला तर त्याच संध्याकाळी डॉक्टर. पोरगी वही नाकाशी धरते, गणितं चुकीची उतरवून घेते आणि ‘ढ’ म्हणून बोलणी खाते. तिला कुणी मारत नाही, उपाशी ठेवत नाही, म्हणून ही आबाळ आहे असं कुणाला वाटतच नाही. त्या मेसेजचा संताप येतो तो यासाठी, की तो नेमक्या अशाच घरांना मोकळं सोडतो.

केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये अहवाल काढला होता. १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांना विचारलं होतं, महाराष्ट्रातल्याही. मुलींपैकी ७०.५७ टक्के म्हणाल्या, घरच्यांनी आपल्याकडे कुठल्या ना कुठल्या प्रकारे दुर्लक्ष केलं. २७.३३ टक्के म्हणाल्या, भावापेक्षा कमी खायला मिळतं. अहवाल जुना आहे, पण त्यात बोलल्यात त्या मुली स्वतः. इतक्या सगळ्या दारुड्यांच्या घरातल्या होत्या का?

१०९८ बद्दल थोडक्यात. एका फोनवर कुणी मूल उचलून नेत नाही. निर्णय बालकल्याण समिती घेते, आणि मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, असं २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या तत्त्वांतच लिहिलंय.

गरीब आईचं मात्र थोडं मान्य करावं लागतं. पोराला शेजारी सोडून धुण्याभांड्याला जाणाऱ्या बाईकडे आपण सगळे आधी बोट दाखवतो. पण त्याच कायद्याचं ७५ वं कलम जाणूनबुजून केलेल्या दुर्लक्षाबद्दल आहे. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. पाळणाघर परवडत नाही, हा त्या बाईचा गुन्हा नाही.

मावशी, त्या आजी तुझ्या भिशीतल्या आहेत. माझं ऐकणार नाहीत, तुझं ऐकतील. या रविवारी त्यांच्याशी बोल. मुलीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायला मी येते.